कापूस आणि दोन दारं

कापूस हे नाव ठेवलं तेव्हा तो खरोखरच कापूस होता. दोन तळहातांवर मावेल एवढा, पांढराशुभ्र, आणि झोपला की नुसता ढीग. चार वर्षांत त्या ढिगाचं चाळीस किलोचं धूड झालं. समोरून दुसरं कुत्रं आलं की त्या धुडाचं काय व्हायचं, ते अख्ख्या रस्त्याला पाठ होतं. लोक आपापली कुत्री उचलून घेत. ज्यांची उचलण्याजोगी नसत ते पलीकडच्या बाजूला जात आणि तिथून कापसाच्या मालकाकडे असं बघत, जणू तोच भुंकतोय. एका बाईंनी तर नाव ऐकून विचारलं होतं, "हा कापूस? मग तुमच्याकडे दगड कशाला म्हणतात?"

माणसांच्या बाबतीत मात्र हाच कापूस म्हणजे गरीब गाय. विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाच्या पायावर डोकं टेकून झोपायचा, त्या बिचाऱ्याला अर्धा तास पाय हलवता यायचा नाही. वैर होतं ते फक्त आपल्या जातभाईंशी.

त्याच्या मालकाला सगळे मिस्त्री म्हणत. पस्तीस वर्षं लिफ्ट बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात गेलेली. लग्न करायचं राहून गेलं, का राहिलं हे विचारणारेही आता उरले नव्हते. माणूस सरळ, हाताचा पक्का, पण जगातली प्रत्येक गोष्ट लिफ्टच्या मापानं मोजायची खोड. दूध उतू गेलं तरी मिस्त्रींना वाटायचं, ह्याला वेळेवर थांबवणारं एखादं बटण हवं होतं.

मिस्त्रींना आपलं माणूस म्हणावं असं एकच होतं, ते म्हणजे ताई. दहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मिस्त्री चार वर्षांचे होते आणि ताई चौदाची. तिनं स्वतःची शाळा सोडली आणि धाकट्याला शाळेत घातलं. ह्याबद्दल मिस्त्री जन्मात तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. बोलायची वेळ आली की ते तिच्या घरातले नळ दुरुस्त करून यायचे. ताईचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि ती राहायची तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या जुन्या इमारतीत. गावभर लिफ्ट बसवत हिंडणाऱ्याची सख्खी बहीण रोज साठ पायऱ्या चढते, हा तिचा आवडता विनोद होता. एका सकाळी त्याच पायऱ्यांवरून ती घसरली, खुब्याचं हाड मोडलं, आणि तो विनोद तिनं पुन्हा केला नाही.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दोन महिने इस्पितळात राहून चालायला शिकायचं, आणि त्यानंतर जिना कायमचा बंद.

"त्यात विचार कसला करायचा?" मिस्त्री म्हणाले. "माझ्याकडे चल. पाचवा मजला आहे, आणि लिफ्ट मी स्वतः बसवलेली आहे."

"आणि मिरी?" ताईनं विचारलं.

मिरी म्हणजे ताईची कुत्री. काळी, मांजराएवढी, बारा वर्षांची, एका डोळ्यानं अधू. सध्या ताईची शेजारीण तिला सांभाळत होती. यजमान गेले त्या वर्षी मिरी घरात आली, आणि तेव्हापासून ताई मिरीशिवाय एक रात्र झोपली असेल तर ती ह्या इस्पितळातच. मिरीला सोडून ये असं तिला सांगणं म्हणजे अर्धी ताई तिथेच ठेवून ये असं सांगणं. मिस्त्रींच्या डोळ्यांसमोर कापसाचा जबडा आला.

हातात दोन महिने होते.

कुत्र्यांना वळण लावणाऱ्या एक बाई होत्या. वयानं मिस्त्रींना मुलीसारख्या, पण शिकवणाऱ्या म्हणून मिस्त्री त्यांना बाई म्हणत आणि त्या मिस्त्रींना काका. पहिल्या दिवशी त्यांनी कापसाला हातही लावला नाही. त्याला घरात ठेवायला सांगितलं, त्याचा पट्टा मागून घेतला, एक टोक मिस्त्रींच्या हातात दिलं आणि दुसरं आपल्या मनगटाला गुंडाळलं.

"मी कापूस," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले. "आता चला. आणि समजा, कोपऱ्यावरून एक कुत्रं येतंय."

पन्नाशी उलटलेल्या माणसानं भर रस्त्यात एका तरुण बाईला पट्ट्यानं फिरवायचं म्हणजे शोभाच होती. मिस्त्रींनी इकडेतिकडे बघितलं, चार पावलं टाकली, आणि मनात कोपऱ्यावरचं कुत्रं आणलं.

"बघा," बाई डोळे न उघडता म्हणाल्या. "मला कुत्रं दिसलेलंही नाही. पण पट्टा ताठ झाला. म्हणजे काहीतरी वाईट येतंय, हे मला तुम्ही सांगितलंत."

मिस्त्रींनी स्वतःच्या मुठीकडे बघितलं. पट्ट्याला दोन वेढे बसले होते. कधी बसले, त्यांना कळलं नव्हतं.

"बाई, आमच्या धंद्यात दोर सैल पडणं म्हणजे सर्वांत वाईट," ते म्हणाले. "लिफ्टचा दोर जरा सैल झाला, की सगळी लिफ्ट जागच्या जागी बंद करणारा एक खटका असतो. पस्तीस वर्षं मी दोर ताणलेला आहे ना, एवढंच बघत आलोय. सैल दोर दिसला की माझा हात आपोआप जातो."

"तो आपोआप जातो, तेच थांबवायचंय," बाई म्हणाल्या. "कापसाला नंतर शिकवू."

मग त्यांनी विचारलं, हे सुरू कधी झालं. मिस्त्रींना तो दिवस चांगला आठवत होता. कापूस आठ महिन्यांचा होता. दोन मोठी मोकाट कुत्री धावून आली. मिस्त्रींनी घाबरून पट्टा गच्च आवळून धरला. त्यांना वाटलं, आपण त्याला धरून ठेवलंय म्हणजे वाचवतोय. कापसाला पळता येईना आणि लपताही येईना. मानेला चार टाके पडले. हे सांगताना मिस्त्रींचा आवाज बारीक झाला, कारण सांगता सांगता त्यांना पहिल्यांदाच कळलं की त्या दिवशी कापसाला धरून कोणी ठेवलं होतं.

"म्हणजे तो रागीट नाही," बाई म्हणाल्या. "त्याची पाचावर धारण बसते. आपल्याला पळता येणार नाही हे त्याला माहीत आहे. म्हणून तो आधीच अंगावर जातो."

मिस्त्री त्या दिवशी जेवले नाहीत. कापूस जेवला, आणि मिस्त्रींचंही जेवला.

शिकवणी सुरू झाली. पद्धत साधी होती आणि तीच कठीण होती. दुसरं कुत्रं इतकं लांब ठेवायचं, की कापसाला ते दिसावं पण त्याचं डोकं फिरू नये. ते दिसलं रे दिसलं, की लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा तोंडात. कुत्रं नजरेआड झालं की चिकनही बंद. गुरगुरला तर दटावायचं नाही, गुपचूप वळून लांब जायचं. आणि ह्या सगळ्यात पट्टा सैल हवा, मधे झोळ पडलेला दिसला पाहिजे. सुरुवात साठ पावलांवरून झाली.

कापूस चिकन पटकन शिकला. नाकी नऊ आणले ते मिस्त्रींच्या हातानं. बाईंनी शेवटी एक युक्ती काढली. पट्टा मिस्त्रींच्या करंगळीत अडकवायला लावला, त्यांना मूठच वळता येऊ नये म्हणून. रोज सकाळी मिस्त्री कापसाला घेऊन मागच्या जिन्यानं पाच मजले उतरत, कारण लिफ्टमधे कोणाचं कुत्रं भेटलं तर पळायला जागा नाही. स्वतः बसवलेली लिफ्ट सोडून जिना वापरणारा मिस्त्री बघून इमारतीतले लोक जरा धास्तावले. एकानं तर हळूच विचारलं, लिफ्टमधे काही बिघाड आहे का, आम्हाला सांगून ठेवा.

साठाचे पन्नास झाले, पन्नासाचे पस्तीस. पाच आठवडे संपता संपता पंधरा पावलांवरून एक कुत्रं गेलं, आणि कापसानं त्याच्याकडे बघितलं, मग मान वळवून मिस्त्रींकडे बघितलं. चिकन कुठाय, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मिस्त्रींची छाती फुगली. संध्याकाळी इस्पितळात जाऊन त्यांनी ताईला ते तीनदा सांगितलं.

"पंधरा पावलं," ताई म्हणाली. "आणि तुझं घर केवढं आहे रे?"

ह्या प्रश्नानं मिस्त्रींचं सुख अर्ध्यावर आलं.

बाईंना नेमकं त्याच सुमारास दहा दिवस बाहेर जायचं होतं. जाताना त्यांनी बजावलं, "पंधराच्या आत यायचं नाही, काका. महिनाभर पंधराच."

पण ताईला घरी सोडायला तीनच आठवडे उरले होते. मिस्त्रींना खात्री हवी होती. आणि खात्री कशी करायची, हे मिस्त्री पस्तीस वर्षं करत आले होते. नवी लिफ्ट आठ माणसांची असली, तर ती दहा माणसांच्या वजनाची वाळूची पोती भरून चालवायची. तेवढं पेललं, की मग सही करायची. त्याआधी कोणी कितीही सांगो, मिस्त्री सही करत नसत. त्यांच्या सहीच्या लिफ्टनं कधी दगा दिला नव्हता, आणि त्यांचा ह्या गोष्टीवर देवावर असावा तसा विश्वास होता.

म्हणून एका रविवारी सकाळी ते कापसाला घेऊन थेट मोठ्या मैदानावर गेले. तिथे रविवारी बारा-पंधरा कुत्री मोकळी खेळत. इथे टिकला, तर घरात एका म्हाताऱ्या मिरीची काय कथा! असा त्यांचा हिशेब होता.

पहिली दहा मिनिटं कापूस टिकला. म्हणजे मिस्त्रींना तसं वाटलं. तो हलत नव्हता, भुंकत नव्हता, पुढे केलेलं चिकनही खात नव्हता. चिकनही नको झालं म्हणजे भीती हाताबाहेर गेली, हे बाईंनी त्यांना दोनदा समजावलं होतं. पण मिस्त्री मनातल्या मनात सही करायला पेन शोधत होते. इतक्यात चष्म्याच्या दुकानवाल्यांचं तपकिरी कुत्रं उड्या मारत आलं. त्याला खेळायचं होतं. मिस्त्रींनी ते येताना बघितलं, पट्टा करंगळीतून निसटून कधी मुठीत गेला कळलं नाही, आणि मुठीला दोन वेढे बसले.

पुढचं सगळं पाच-सहा सेकंदांत झालं. दोघा-तिघांनी मिळून सोडवलं तेव्हा तपकिरी कुत्र्याचा अर्धा कान लोंबत होता आणि चष्मेवाले कुत्र्याला छातीशी धरून उभे होते. रोज सकाळी मिस्त्रींशी दोन शब्द बोलणारा, मिस्त्रींच्या चष्म्याची काडी हसत बसवून देणारा माणूस. त्यांनी मिस्त्रींकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं ना?"

हो, माहीत होतं. मिस्त्री मान खाली घालून उभे राहिले. कापूस त्यांच्या पायांमागे शिरून इतका कापत होता की त्यांचेही पाय हलत होते. डॉक्टरकडे मिस्त्री बरोबर गेले, टाके घालून होईपर्यंत बाहेर बसले. चष्मेवाल्यांनी त्यांना जा असंही म्हटलं नाही आणि थांबा असंही. तेव्हापासून ते मिस्त्रींशी बोलत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मिस्त्रींना वाटत नाही.

बाई परतल्यावर मिस्त्रींनी त्यांना सगळं सांगितलं. आपल्या बाजूनं वाळूच्या पोत्यांचा हिशेबही मांडून बघितला.

"लिफ्टला भीती वाटत नाही, काका," बाई म्हणाल्या. "पोती काढून घेतली की लिफ्ट पुन्हा होती तशी होते. हा होत नाही. तुम्ही त्याला झेपेल त्याच्या वर ओझं घातलंत, आणि वरून त्याला पळायची जागाही ठेवली नाहीत. दुसऱ्यांदा."

तो दुसऱ्यांदा हा शब्द मिस्त्रींना लागला. लागावा म्हणूनच तो उच्चारला होता.

"मग आता?"

"आता बाहेर पडताना त्याच्या तोंडाला मुसकी. पुन्हा साठ पावलांपासून सुरुवात. आणि खरं सांगू? तो दुसऱ्या कुत्र्यांबरोबर कधीच खेळणार नाही. त्याला बरं करणं असं काही नसतं. त्याला सांभाळणं असतं, रोजच्या रोज, तो आहे तोवर."

हे ऐकून मिस्त्रींनी हात टेकले. ओळखीत एक गोदामवाला होता, त्याला राखणीला दांडगं कुत्रं हवंच होतं. साखळीला बांधून ठेवेन, खायला घालीन, म्हणाला. मिस्त्रींनी त्याला दोन दिवसांत कळवतो असं सांगितलं आणि इस्पितळाचा रस्ता धरला.

ताई खिडकीशी खुर्चीत बसली होती, चालायची काठी मांडीवर आडवी. मिस्त्री काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "मी ठरवलंय. मिरी शेजारणीकडेच राहू दे. तिला तिची सवय झालीय आता."

"शेजारीण काय म्हणाली?"

"हो म्हणाली. आनंदानं." हे ताई भिंतीकडे बघून म्हणाली.

"काही गरज नाही," मिस्त्री म्हणाले. "मी कापसाची सोय केलीय. गोदाम आहे मोठं. मोकळी हवा आहे. मजेत राहील." हे ते काठीकडे बघून म्हणाले.

शेजारच्या पलंगावरच्या आजीबाई कान टवकारून होत्या.

"धाकट्या," ताई म्हणाली, "लहानपणी खोटं बोललास की तुझा डावा कान लाल व्हायचा. अजून होतो."

"तुझं काय? शेजारीण आनंदानं म्हणे! मागच्या आठवड्यात ती मला म्हणाली, मिरी तुमच्या ताईंच्या चपलेवर झोपते आणि धड खात नाही."

ताईचे डोळे भरून आले. मिस्त्रींनी ते बघितलं आणि नेहमीसारखं इकडेतिकडे दुरुस्तीला एखादा नळबिळ आहे का ते शोधलं. नव्हता. मग त्यांनी ताईच्या एक्स-रेचं मोठं पाकीट उचललं, खिशातलं पेन काढलं, आणि त्याच्या पाठीवर आपल्या घराचा नकाशा काढायला लागले. हात चालायला लागला की त्यांचं डोकं चालायचं.

"ही तुझी खोली. हे खोलीचं दार. त्याच्या बाहेर मी आणखी एक लाकडी जाळीचं दार बसवतो, छातीइतकं उंच. तिकडे टोकाला कापसाची खोली, तिलाही तसंच. दोघांच्या मधे कायम दोन दारं. एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. सकाळी तो बाहेर जाईल तेव्हा मिरी घरभर फिरेल. तो आला की मिरी तुझ्या खोलीत. भेटायचं नाही. ओळख नाही, मैत्री नाही, काही नाही. रोज. कायम."

ताईनं पाकीट हातात घेऊन लांब धरून बघितलं. "आणि काही होणार नाही, असं लिहून देतोस?"

मिस्त्रींनी आयुष्यात शेकडो सह्या केल्या होत्या. ते पेन हातात धरून बसले, आणि मग त्यांनी टोपण लावलं.

"नाही," ते म्हणाले. "लिहून नाही देता येणार, ताई."

"बरं झालं," ताई म्हणाली. "हो म्हणाला असतास तर आले नसते. त्या रविवारचं तूच सांगितलंस ना? तेव्हाही तुला खात्रीच झाली होती."

गोदामवाल्याला नकार गेला. पुढचे दहा दिवस मिस्त्री कामावरून आले की सुतारकाम करत. त्यांनी आधी दोन्ही दारांना घंटा बसवली, एक उघडं असताना दुसऱ्याला हात लावला की वाजणारी. पहिल्यांदा ती वाजली तेव्हा कापूस अर्धा तास भुंकला आणि खालच्या मजल्यावरून दोघं विचारायला आली. घंटा निघाली. साध्या कड्या राहिल्या.

ताई आली. मिरीला टोपलीत घालून आणलं तेव्हा कापूस बाहेर होता. तो परत आल्यावर दाराखालून वास घेत बराच वेळ उभा राहिला, मग गुरगुरला, मग आपल्या खोलीत गेला. मिरीनं आतून एक लहानसं भुंकून घेतलं. सोयरीक म्हणायची तर एवढीच. दिवस दारांच्या तालावर चालू लागले. "मिरी आत!" ताई ओरडायची. "दार?" मिस्त्री बाहेरून विचारायचे. "लावलं!" मग मिस्त्री आत यायचे. शेजाऱ्यांना वाटलं असेल, ह्या घरात कोणी नाटक बसवतंय.

नवव्या दिवशी संध्याकाळी मिस्त्री कापसाला फिरवून आले. "दार?" त्यांनी विचारलं. "लावलं!" ताईचा आवाज आला. ते आत आले, मुख्य दार लोटलं, कापसाची मुसकी काढली, आणि वळून बघतात तर ताईच्या खोलीचं दार सताड उघडं. लाकडी जाळी तेवढी लावलेली. जाळीच्या दोन पट्ट्यांमधून मिरीनं आपलं काळं नाक बाहेर काढलं होतं आणि ती हवा हुंगत होती.

चार पावलं. फार तर पाच.

कापूस जागच्या जागी ताठ झाला. मानेवरचे केस उभे राहिले. त्याच्या घशातून तो आवाज यायला लागला, जो मिस्त्रींनी मैदानावर ऐकला होता. मिस्त्रींचा हात मिटायला लागला. त्यांना तो मिटताना ह्या वेळी कळला, पहिलं बोट, दुसरं बोट. आवळ, त्यांचं सगळं अंग सांगत होतं, आवळ, नाहीतर ते नाक गेलं. आणि आवळलं तर काय होतं हे त्यांना माहीत होतं.

त्यांनी बोटं उघडली. पट्टा खाली आला, त्याचा झोळ फरशीला टेकला. जन्मात एवढी भीती त्यांना वाटली नव्हती, लिफ्टच्या पाच मजली पोकळीवर उभं राहूनसुद्धा नाही. मग त्यांनी कापसाकडे पाठ केली, रोजच्या आवाजात "चल रे" म्हणाले, आणि मुख्य दाराकडे चालू लागले. मागे वळून बघितलं नाही. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. पट्टा त्यांच्या करंगळीत होता आणि त्याला काहीच ओढ नव्हती, त्यावरून काही कळायला मार्ग नव्हता.

मग फरशीवर नखं वाजली.

ते बाहेर गेले, मुख्य दार ओढून घेतलं आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसकण मारली. खिशातलं सगळं चिकन त्यांनी कापसासमोर ओतलं. कापूस खात होता आणि मिस्त्री त्याच्या मानेत तोंड खुपसून रडत होते, हे लिफ्टमधून उतरणाऱ्या एका बाईंनी बघितलं आणि त्या सरळ आपल्या घरात गेल्या.

जरा वेळानं त्यांनी बसल्या जागेवरून ताईला फोन लावला. "ताई, तुझ्या खोलीचं दार लाव. हो, आतलं."

कापूस त्याच्या खोलीत गेला, दोन्ही कड्या लागल्या, मग मिस्त्री ताईकडे आले. ती पलंगाच्या कडेवर बसली होती, चेहरा पांढराफटक. मिरी तिच्या मांडीवर होती.

"मी जाळी लावली आणि मला वाटलं दार लावलं," ती म्हणाली. "मला अगदी वाटलं, लावलंय. मी म्हातारी झाले रे. आज दार विसरले, उद्या जाळी विसरेन. मला नको ठेवूस इथे. कुठेतरी बघू माझी सोय."

"विसरशीलच," मिस्त्री तिच्याशेजारी बसत म्हणाले. "मीही विसरेन. म्हणून तर दोन आहेत."

ताईला कळलं नाही.

"लिफ्टचा डबा एका दोरावर आरामात उचलला जातो. तरी आम्ही पाच-सहा लावतो. एखादा कधीतरी जाणार हे धरूनच लावतो. तू कधी चुकणार नाहीस असं समजून मी हे घर केलेलं नाही, ताई. तू चुकणार, मी चुकणार, तोही चुकणार, हे धरूनच केलंय. आज एक दार चुकलं आणि एक टिकलं. ह्यात तुला कुठे पाठवायचा प्रश्न कुठून आला?" एवढं बोलून ते थांबले, आणि मग जे पन्नास वर्षं अडकून राहिलं होतं ते भलत्याच वाटेनं बाहेर आलं. "मी चार वर्षांचा होतो तेव्हा मी काय थोडं विसरायचो? तू मला कुठे पाठवलंस का?"

मिरीच्या पाठीवरून ताईचा हात फिरत राहिला.

"ती बॅग घे जरा वर," बऱ्याच वेळानं ती म्हणाली.

आल्यापासून नऊ दिवस तिचे कपडे बॅगेतच होते. लागेल तेवढं काढायची, धुतलं की घडी घालून पुन्हा आत ठेवायची. मिस्त्रींनी ते रोज बघितलं होतं आणि विचारायचा धीर त्यांना झाला नव्हता. त्यांनी बॅग उचलून पलंगावर ठेवली आणि कपाट उघडलं.

"खालचा कप्पा मला दे," ताई म्हणाली. "वर हात पोचत नाही माझा."